एका मात्रेचा फरक

सरकारी खात्यातून संघरत्ना रोकडे तपासणीला येणार असं कळलं, की अपंगांच्या निवासगृहांचे व्यवस्थापक देवाला नारळ बोलत. नारळ वाया जाई. बाई चहासुद्धा घेत नसे. स्वतःचा थर्मास, स्वतःची पाण्याची बाटली, खांद्याला खाकी पिशवी, आणि पिशवीत मोजायची टेप, बॅटरी आणि एक काचेची गोटी. ही गोटी न्हाणीघराच्या फरशीवर सोडायची आणि कुठं घरंगळते ते बघायचं. मोरीकडे गेली तर ठीक. दाराकडे आली तर पाणीही दाराकडेच येणार आणि कुबडीवर चालणारा माणूस त्यात घसरणार. ही युक्ती कुठल्या पुस्तकातली नव्हती, तिची स्वतःची होती, आणि तिचा तिला रास्त अभिमान होता.

व्हीलचेअरसाठी केलेला उतार ती टेपनं मोजायची. एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांबी हवी. एका व्यवस्थापकानं सव्वाअकरा फुटांत भागवलं होतं. त्याला ती म्हणाली, "उरलेला पाऊण फूट काय उडी मारून जायचं का त्यांनी?" प्रत्येक खाटेजवळची घंटा ती स्वतः दाबून बघे. गाद्या मुठीनं दाबे, औषधांच्या पट्ट्या उलट्या करून तारखा वाची, डाळीच्या पातेल्याचं झाकण उचलून पळी तळापासून फिरवी. तीस वर्षांच्या नोकरीत तिच्यावर कुणी बोट ठेवू शकलं नाही. तिच्या अहवालांच्या झेरॉक्स काढून ऑफिसात नव्या पोरांना वाचायला देत.

अशा बाईची लाजेची गोष्ट ती काय सांगायची, असं तुम्हाला वाटेल. पण गोष्ट तिच्याच लाजेची आहे आणि ती सांगितल्याशिवाय संघरत्ना रोकडे कळत नाही.

तपासणीच्या फॉर्मचं शेवटचं पान म्हणजे 'निवाशांशी संवाद'. तोवर दुपार झालेली असे, टेप गुंडाळून झालेली असे, आणि ऑफिसची गाडी फाटकाशी उभी असे. मग संघरत्ना खाटेखाटेपाशी जाऊन विचारी, "जेवण बरं असतं ना? औषधं वेळेवर ना? काही त्रास नाही ना?" मराठीतला हा 'ना' मोठा लबाड. तो प्रश्नाच्या शेपटाला बसतो आणि येतानाच उत्तर घेऊन येतो; समोरच्यानं फक्त मान हलवायची. अठ्ठावीस माणसांशी संवाद अर्ध्या तासात उरके. उतारातला पाऊण फूट जिच्या नजरेतून सुटत नव्हता, तिला या 'ना'मध्ये काही खोट दिसली नाही. तो तिनं कधी मोजलाच नव्हता.

ती मूळची भिवंडीजवळच्या शेलारची. वडील रामदास नारपोलीत कापडाच्या लूमवर, आई बकुळा दवाखान्यात आया. घरात 'हाय', 'न्हाय', 'व्हतं' असंच बोलणं. त्यात काही वावगं आहे हे तिला मुंबईला शिकायला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. समाजकार्याच्या कॉलेजात पहिल्याच महिन्यात तिला वर्गापुढं उभं केलं. ती म्हणाली, "आमच्याकडं पान्याचा प्रश्न लय मोठा हाय." वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "भिवंडीची ना? म्हणजे नाशिक हायवेच!" झालं. तिचं नाव 'हायवे' पडलं. हायवे आली, हायवेनं डबा आणला का, हायवेला विचारा. पोरं वाईट नव्हती, प्रेमानंच म्हणत. संघरत्नाही हसायची. पण दोन महिन्यांत तिनं तो 'हाय' तोंडातून असा काही पुसून काढला की पुन्हा कधी तो जिभेवर आला नाही. नोकरीत लागल्यावर कुणी गाव विचारलं तर ती 'कल्याणकडची' म्हणे. भिवंडीहून कल्याण काही लांब नाही, म्हणजे ते अगदी खोटंही नव्हतं.

एकदा ऑफिसातल्या चौघीजणी घरी यायच्या होत्या, तेव्हा आईला तिनं सांगितलं होतं, "आई, त्या आल्या की जरा नीट बोल गं." बकुळाबाईंनी ऐकून घेतलं. पाहुण्या तासभर होत्या. बकुळाबाईंनी चहा दिला, कांद्यापोहे दिले, दाराशी जाऊन निरोप दिला, पण तोंडातून एक अक्षर काढलं नाही. जाताना एकजण म्हणाली, "आई किती शांत आहेत ना तुझ्या!" आई मुळात शांत नव्हती. आख्खी आळी गाजवणारी बाई ती. आता ती नाही, पण त्या तासाभराची आठवण आली की संघरत्ना अजूनही उगाच उठते आणि पंख्याचं बटण बंद-चालू करते.

तर गोष्ट यंदाच्या मे महिन्यातली. भिवंडीजवळच्या पूर्ण्याला गोडाऊनांच्या रांगांमागं एक निवासगृह आहे, तिथल्या वार्षिक तपासणीची. हे निवासगृह तीन वर्षं संघरत्नाकडेच होतं. या खेपेला बरोबर मनाली होती, ऑफिसात नव्यानं लागलेली, डोंबिवलीत वाढलेली मुलगी. तपासणी कशी करतात ते मॅडमकडून शिकून घे, असं सांगून साहेबांनी तिला पाठवलं होतं. मनाली वही घेऊन मागंमागं फिरत होती आणि गोटीची युक्ती बघून तिचे डोळे विस्फारले होते. शिकवताना माणसाला चेव चढतो तसा संघरत्नाला चढला होता. ती बोलत होती ते एखाद्या छापील धड्यासारखं शुद्ध.

निवासगृह चांगलं निघालं, खरंच चांगलं. फरशी लख्ख, गोटी मोरीकडे, उतार बारा फूट दोन इंच. अठ्ठावीस निवासी, त्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःहून खाटेवरून उतरता येत नाही, आणि तरी कुठंही वास नाही. संघरत्नानं एक एक गादी मुठीनं दाबून बघितली. सगळ्या कोरड्या. "हे बघ," ती मनालीला म्हणाली, "नाक हे आपलं पहिलं यंत्र. वास नाही म्हणजे काळजी घेतली जाते." आणि तिनं फॉर्मवर लिहिलं, 'गाद्या कोरड्या, दुर्गंधी नाही. स्वच्छता अत्यंत समाधानकारक.' 'अत्यंत' हा शब्द तिच्या पेनातून वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी उतरे. व्यवस्थापक हितेशभाईंच्या चेहऱ्यावर कृतकृत्य झाल्यासारखं हसू आलं.

मग शेवटचं पान. एक ते पंचवीस नंबरच्या खाटांनी माना हलवल्या. सव्विसाव्या खाटेवर तुळजा होती.

तुळजा पूर्ण्याचीच. निवासगृहाला लागून जे गोडाऊन आहे, त्याच्या खाली तिच्या बापाची भातखाचरं होती. तिशीत माळ्यावरून पडली, कंबरेखालचं शरीर गेलं. आईबाप होते तोवर त्यांनी केलं, ते गेल्यावर भावानं इथं आणून ठेवलं. त्याला चार वर्षं झाली होती. पाय गेले तरी तिचं तोंड शाबूत होतं. आवाज खणखणीत, बोलणं पाण्यासारखं स्वच्छ.

"जेवण बरं असतं ना?"

"बरं असतं."

"औषधं वेळेवर ना?"

"येलेवर."

"काही त्रास नाही ना?"

तुळजानं सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "हाय," ती म्हणाली.

मागून हितेशभाई पटकन म्हणाले, "होय बोलते, मॅडम. होय, बरोबर आहे. काही त्रास नाही." हितेशभाई नवसारीकडचे. मराठी त्यांनी इथं येऊन शिकलेली. ते खोटं बोलले नाहीत. त्यांना 'होय'च ऐकू आलं होतं.

संघरत्नाला 'हाय' ऐकू आलं होतं. नुसतं ऐकू आलं नव्हतं, थेट काळजात जाऊन बसलं होतं, कारण तो शब्द ज्या सुरात आला तो शेलारच्या घरातला सूर होता. 'हाय' म्हणजे आहे. त्रास आहे. एवढं कळायला तिला शब्दकोश नको होता.

करायचं इतकंच होतं, की मागं वळून म्हणायचं, "होय नाही हितेशभाई, हाय म्हणाल्या त्या." पण त्यासाठी तो शब्द स्वतःच्या तोंडातून काढायला लागला असता, तीस-पस्तीस वर्षांनी, मनालीच्या समोर. मग मनालीनं विचारलं असतं, मॅडम, तुम्हाला ही बोली येते? मग कल्याण कुठलं, शेलार कुठलं, सगळंच निघालं असतं. हे सगळं दोन श्वासांएवढ्या वेळात तिच्या मनातून गेलं. बाहेर रस्त्यावर कंटेनर भोंगा वाजवत गेला. तिनं मान खाली घातली आणि 'तक्रार नाही' या चौकोनात खूण केली. मग घसा कोरडा पडला म्हणून पिशवीतून स्वतःची बाटली काढून ती तिथंच उभ्या उभ्या पाणी प्यायली, आणि सत्ताविसाव्या खाटेकडे वळली.

लोक कानाडोळा केला म्हणतात. संघरत्नाचा डोळा त्या दिवशी चोख होता. तिनं दगा दिला तो कानानं.

दीड महिन्यानं तुळजाला तापानं फणफणलेल्या अवस्थेत सरकारी दवाखान्यात आणलं. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग, तोही बरा मुरलेला. डॉक्टरणीनं विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? तुळजा म्हणाली, "चार वाजल्याव पानी न्हाय. चार वाजलं का पान्याचा जग उचलून नेतात. सकालपातूर काय न्हाय. रातच्याला आमाना उचलून न्यायाला मानूस नसतं म्हून."

डॉक्टरणीनं चिठ्ठी लिहून खात्याला कळवलं आणि मग सगळा उलगडा झाला. संध्याकाळपासून सकाळपर्यंत अठ्ठावीस जणांना उचलायला रात्रपाळीची आया निशामावशी एकटी. सगळ्यांना संडास-लघवीला न्यायचं तर तिची कंबर मोडणार, न न्यावं तर गाद्या ओल्या होणार. त्यावर हितेशभाईंनी तोडगा काढला होता: दुपारी चारनंतर गोळीपुरता घोटभर सोडून पाणी बंद. त्यात दुष्टपणा नव्हता, नुसती सोय होती. दुष्टपणा असता तर संघरत्नाच्या नाकाला कदाचित वास आला असता.

पण वास कुठून येणार? माणसं तहानलेली ठेवून त्या गाद्या कोरड्या ठेवल्या होत्या, आणि तिनं त्या मुठीनं दाबून दाबून त्याला 'अत्यंत समाधानकारक' लिहिलं होतं. ते कळलं तेव्हा ती ऑफिसात खुर्चीवर होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्र रात्र तहानलेल्या बाईनं 'हाय' म्हणून सांगितल्यावर आपण तिच्याच समोर बाटली तोंडाला लावली होती, हेही तिला तेव्हाच आठवलं. त्या दिवशी डबा तिनं तसाच घरी नेला.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष नरेंद्र कासारे, संघरत्नाचे साहेब. सज्जन माणूस. सज्जन माणसं कधी कधी फार धोक्याची असतात, कारण ती आपल्याला वाचवायला बघतात.

हितेशभाईंनी आल्या आल्या हात जोडले. नियम बंद केला आहे, दोन मावश्या वाढवल्या आहेत, चूक झाली, असं ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. ते खरंही होतं. राहिला प्रश्न एकच: दीड महिन्यापूर्वी तपासणी झाली, तेव्हा हे बाहेर का आलं नाही? अहवालात सव्वीस नंबरपुढं 'तक्रार नाही' अशी खूण होती. आणि दवाखान्यात घेतलेल्या जबाबात तुळजानं म्हटलं होतं, "मॅडमनी इचारलं, तवा मी सांगितलं व्हतं."

"साहेब, मी तिथंच उभा होतो," हितेशभाई म्हणाले. "ती होय बोलली. त्रास नाही ना, होय. मी या कानांनी ऐकलं."

कासारेसाहेबांनी कागदावर दोन शब्द लिहिले, हाय आणि होय, आणि चष्मा कपाळावर चढवून हसले. "एका मात्रेचा तर फरक आहे! बाहेर ट्रकांचा आवाज, बाईचं बोलणं गावठी. ऐकण्यात गफलत होणं साहजिक आहे. रोकडे मॅडम, तुम्हालाही होयच ऐकू आलं असणार."

तो प्रश्नसुद्धा नव्हता. त्यालाही येतानाच उत्तर चिकटलेलं होतं, फक्त मान हलवायची होती. संघरत्नानं मान हलवली.

सुंठीवाचून खोकला गेला. ती वाचली, हितेशभाई वाचले, खातं वाचलं. साहेबांनी लगेच मजकूर सांगितला आणि टायपिस्टनं कागद काढला. तुळजानं सही करायची होती: 'माझे उच्चार अस्पष्ट असल्यामुळे तपासणी अधिकाऱ्यांचा गैरसमज झाला. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.' साहेब म्हणाले, "आणि निवासगृहाच्या रजिस्टरला तिच्या नावापुढं नोंद करून टाकू, उच्चार अस्पष्ट म्हणून. म्हणजे पुढं कुणाची फसगत नको. मॅडम, तुम्हीच जाऊन सही घेऊन या. तुमच्यावर विश्वास आहे लोकांचा."

त्या नोंदीचा अर्थ काय होतो ते संघरत्नाइतकं त्या खोलीत कुणालाच कळत नव्हतं. तीस वर्षं तिनं असली रजिस्टरं वाचली होती. एकदा नावापुढं 'उच्चार अस्पष्ट' लागलं की त्या माणसानं पुढं पाणी मागावं, औषध मागावं, किंवा मला मारलं म्हणून सांगावं, वाचणारा आधी ती नोंद वाचणार आणि मग खांदे उडवणार. तुळजाजवळ या जगात एकच गोष्ट धड उरली होती, तिचं बोलणं. तीही या कागदानं जाणार होती. हे सगळं कळत असून संघरत्नानं कागदाची घडी घातली आणि पिशवीत टेपशेजारी ठेवली.

जिन्यावर मनालीनं तिला गाठलं. पोरगी बावरलेली होती.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"मला ना, त्या दिवशी 'हाय'च ऐकू आलं होतं. माझी आजी तसंच बोलते, आहेला हाय. मी लिहिणार होते वहीत, पण तुम्ही तक्रार नाहीवर खूण केली. मग मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. तुम्हाला एवढा अनुभव आहे." तिनं वहीचं पान उलटलं. "आता परवा शहापूरला जायचंय तपासणीला. तिथं पण असंच बोलत असतील. मला कळेल ना नीट?"

संघरत्ना काहीतरी पुटपुटली आणि जिना उतरली. आपण चुकलो ते चुकलो, पण या पोरीचे धडधाकट कानही आपण बिघडवून ठेवले. आजीची भाषा जिला समजत होती, तिला ती आता समजेनाशी झाली होती, आणि ते शिकवलं कुणी? रिक्षात बसल्यावर तिनं पदर तोंडावर धरला. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "क्या हुआ आंटी, तबियत ठीक नहीं?" असं त्यानं विचारलं. "ठीक हूं," ती म्हणाली. तेवढंही खरं सांगणं तिला जमलं नाही.

दवाखान्यात तुळजा उशाला टेकून बसली होती. ताप उतरला होता, चेहरा उतरलेलाच होता. खाटेला लागून लोखंडी कपाट, त्यावर पाण्याची भरलेली बाटली. शेजारच्या खाटेवरच्या बाईशी तिचं बोलणं चाललं होतं, आवाज वॉर्डभर जात होता. अस्पष्ट उच्चार!

"या मॅडम," तुळजा म्हणाली. रागानं नाही. दुकानात गिऱ्हाईक आल्यावर म्हणतात तसं.

संघरत्ना स्टुलावर बसली. पिशवीतून कागद काढला, मांडीवर ठेवला, पेन काढलं, टोपण उघडलं. 'इथं सही करा' हे तीन शब्द म्हणायचे होते. शुद्ध मराठीत, तिला सवय असलेले. ते निघेनात. आणि जे निघालं ते तिनं स्वतः ऐकलं तेव्हा तिला आपला आवाज ओळखू आला नाही.

"बाय," ती म्हणाली, "मना समजलं व्हतं. तू हाय बोललीस ते. मना तवाच समजलं व्हतं."

तीस-पस्तीस वर्षांत न वापरलेली भाषा; गंजलेल्या कडीसारखी करकरतच निघाली. शेजारची बाई कूस बदलून बघायला लागली. संघरत्नाचे कान तापले होते. मान वर करायचा धीर होत नव्हता.

तुळजानं बाटली उचलली, दोन घोट घेतले, टोपण लावलं.

"मना ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"परकी असती तं परत इचारलं असतं. काय म्हनालीस गं, म्हून. हितेशभाईला समजलं न्हाय, त्यानं आपलं कायतरी बोलून टाकलं. तुमी काय इचारलं न्हाय, मान खाली घातली नी लिवलं. तवाच मना कललं, ही आपल्याकडचीच हाय."

संघरत्नाला वाटलं होतं, शिव्या बसतील. त्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं. ओळख पटली होती तिची, इतक्या वर्षांनी, आणि ती पटली कशावरून, तर दगा दिला त्यावरून. ती तिथं स्टुलावर बसून रडली. छपन्न वर्षांची बाई, खात्याची शान. नाक पदरानं पुसत. तुळजानं तिला थांबवलं नाही आणि समजूतही घातली नाही. ती वाट बघत राहिली.

मग संघरत्नानं टाइप केलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. अक्षर वळणदार नव्हतं आलं त्या दिवशी, पण मजकूर सरळ होता. तिनं तो तुळजाला वाचून दाखवला, कारण यापुढं हिच्याबद्दल काहीही हिला न ऐकवता लिहायचं नाही, एवढं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"मी, संघरत्ना रामदास रोकडे, मूळ गाव शेलार, लिहून देते की श्रीमती तुळजा यांचे बोलणे पूर्णपणे स्पष्ट आहे. मे महिन्यातील तपासणीत त्यांनी मला त्रास असल्याचे एकदा स्पष्ट सांगितले होते. ती माझी मातृभाषा आहे. मला अर्थ समजला होता. तरीही मी तक्रार नाही अशी नोंद केली. दोष त्यांच्या बोलण्यात नाही, माझ्यात आहे."

या कागदानं काय होणार हे तिला माहीत होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना नोटीस, खुलासा, ऑफिसात कुजबुज. त्यातलं काही तिला फार मोठं वाटेना. उलट लिहून झाल्यावर जरा हलकं वाटत होतं. चूक केली, पण कबूलही केली. एका दुपारची, एका क्षणाची चूक. माणूस आहे, घडतं. तिनं सहीसाठी पेन टेकवलं.

"थांबा मॅडम," तुळजा म्हणाली. "एक चुकलंय."

"काय?"

"एकदा न्हाय. तीनदा."

संघरत्नानं पेन कागदावरून उचललं.

"गेल्या साली पन तुमीच आलावता. त्याच्या आदल्या साली पन. दरयेली इचारता, त्रास न्हाय ना. दरयेली मी हाय म्हटलं. चार वाजल्याचं तं आदूगरपासूनच हाय. ह्या साली तुमी माझ्याकडं बघितलं तरी. त्या दोन येली तं वर पन बघितलं न्हाय."

संघरत्ना आठवायला लागली. गेल्या वर्षीचं पूर्णा, सव्वीस नंबरची खाट. त्याच्या आदल्या वर्षीचं. त्या वर्षी उतार किती भरला होता ते तिला आठवलं. गोटी कुठल्या न्हाणीघरात दाराकडे आली होती ते आठवलं. डाळीत पाणी जास्त होतं तेही आठवलं. तुळजाचा चेहरा आठवेना, आवाज आठवेना. पिशवीतून टेप, बॅटरी काढून बाजूला ठेवावी आणि तळाशी काहीच नसावं, तसं झालं. आणि मग बाकीच्या खाटा, बाकीची निवासगृहं. तीस वर्षांत कुणी कुणी काय म्हटलं असेल, ते आता कुणाला विचारणार?

"लिवा की," तुळजा म्हणाली.

तिनं 'एकदा' खोडलं, वर 'तीनदा' लिहिलं, 'मे महिन्यातील' खोडून 'तीन वर्षांतील' केलं आणि खाली सही केली. त्यातल्या दोन वेळा तिला आजही आठवत नाहीत.